रस्ता आणि जैवविविधता : परिणाम मोजायचा कसा?



पर्यावरणाच्या तासाला 'विकास आणि पर्यावरण' हा विषय दरवर्षी येतो. मुलांना निबंध लिहायला दिला की बहुतेक वह्यांत दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, 'रस्ते म्हणजे देशाच्या रक्तवाहिन्या'. दुसरं, 'रस्त्यांमुळे झाडे तोडली जातात'. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण त्यांच्या पुढे मुलं जात नाहीत. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, मुलांना शाळेत जायचं असो, भाजीपाला बाजारात पोहोचवायचा असो, रस्ता लागतोच. म्हणून खरे प्रश्न असे आहेत : रस्ता कुठून जावा? कसा बांधला जावा? आणि त्याने तिथल्या सजीवांचं किती नुकसान झालं, हे कशावरून ठरवायचं?

आजच्या पाठात शेवटच्या प्रश्नावर जास्त भर देऊ या. कारण मोजमाप चुकलं की उपायही चुकतो.

पाठाची उद्दिष्टे

१. रस्त्यामुळे सजीवांवर होणारे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष परिणाम ओळखता येणे.
२. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे टप्पे सांगता येणे.
३. 'आधी-नंतर' तुलना आणि नोंदींची दुरुस्ती आकडेमोड करून समजणे.
४. शाळेजवळच्या रस्त्यावर सुरक्षितपणे छोटे सर्वेक्षण करता येणे.

१. रस्ता नेमकं काय काय करतो?

मुलांना विचारलं तर 'झाडं तुटतात' आणि 'प्राणी गाडीखाली येतात' ही दोन उत्तरं लगेच मिळतात. फळ्यावर ती लिहून घ्या आणि मग यादी वाढवा.

अ) अधिवासाचे तुकडे होतात. सलग जंगल दोन भागांत विभागलं जातं. वाघ, बिबट्या किंवा रानगव्यासारखे मोठे प्राणी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात ज्या वाटेने ये-जा करतात तिला संचारमार्ग म्हणतात. तो तुटला की दोन्हीकडचे प्राणी आपापल्या तुकड्यात अडकतात. पुढे जवळच्या नात्यातच प्रजनन होऊ लागतं आणि पिढ्या कमकुवत होत जातात.

आ) झाडावरच्या प्राण्यांची वाट तुटते. आपला राज्यप्राणी शेकरू फांदीवरून फांदीवर उड्या मारत फिरतो. रस्ता रुंद झाला आणि वरची फांद्यांची कमान मोडली, तर त्याच्यासाठी तो रस्ता म्हणजे दरीच.

इ) पाण्याची वाट बदलते. रस्त्याच्या भरावामुळे वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि खालची बाजू कोरडी पडते. मोरीचा तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा उंच राहिला तर मासे वर चढू शकत नाहीत. कोकणातल्या मुलांना हे लगेच कळेल, कारण पहिल्या पावसात चढणीचे मासे त्यांनी पाहिलेले असतात. एक फूटभर उंचीची चुकीची मोरी माशांची अंडी घालण्याची जागाच तोडून टाकते.

ई) नको असलेल्या वनस्पती येतात. खोदलेली माती, दुसरीकडून आणलेला मुरूम आणि गाड्यांची चाकं यांबरोबर बिया येतात. उघड्या पडलेल्या साईडपट्टीवर गाजरगवत, रानमोडी, घाणेरी पटकन पसरतात आणि तिथून आत सरकतात.

उ) आवाज आणि प्रकाश. पक्षी आणि बेडूक आवाजाने जोडीदार शोधतात. सततच्या गोंगाटात त्यांची हाक पोहोचत नाही. दिव्यांकडे कीटक ओढले जातात, कीटकांमागे बेडूक आणि वटवाघळं येतात, आणि गाड्यांखाली सापडतात.

ऊ) रस्त्यामागून येणाऱ्या गोष्टी. आधी टपरी येते, मग ढाबा, प्लॉट, रिसॉर्ट. रस्त्याच्या आराखड्यात यातलं काहीच दाखवलेलं नसतं, पण दहा वर्षांनी तिथे जाऊन बघा, बहुतेक बदल याच गोष्टींनी केलेला दिसतो.

भरावासाठीचा मुरूम कुठून येतो, हाही प्रश्न विचारायला हवा. रस्ता एका गावात आणि खणलेली टेकडी दुसऱ्याच गावात असते. रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा लांबट प्रकल्पांसाठी साधी माती काढायला २०२० मध्ये पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती सूट रद्द केली.

२. गणिताच्या तासाला जोडा : सहा हेक्टरचा रस्ता, छत्तीस हेक्टरचं नुकसान

'रस्त्याला फक्त इतकी हेक्टर जमीन लागेल' असं अहवालात लिहिलेलं असतं. जमिनीचा हा आकडा बरोबर असला तरी जंगलाचं नुकसान त्यातून कळत नाही. कसं, ते करून बघू.

समजा २ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटर रुंद असं चौरस जंगल आहे. क्षेत्रफळ ४ चौ. किमी, म्हणजे ४०० हेक्टर. जंगलाच्या कडेला ऊन, वारा, गुरं, माणसांचा वावर जास्त असतो. हा कडेचा परिणाम १०० मीटर आतपर्यंत जातो असं धरू. मग खरं शांत, आतलं जंगल १.८ × १.८ = ३.२४ चौ. किमी, म्हणजे ३२४ हेक्टर.

आता मधोमध ३० मीटर रुंदीचा रस्ता काढला. रस्त्याखाली गेलेली जमीन २ किमी × ०.०३ किमी = ०.०६ चौ. किमी, म्हणजे फक्त ६ हेक्टर. पण आता जंगलाचे दोन तुकडे झाले आणि दोघांना नवी कड मिळाली. सोपेपणासाठी रस्त्याची रुंदी सोडून दिली तर प्रत्येक तुकडा १ × २ किमी. त्यातलं आतलं जंगल ०.८ × १.८ = १.४४. दोन्ही मिळून २.८८ चौ. किमी, म्हणजे २८८ हेक्टर.

३२४ वजा २८८ = ३६ हेक्टर.

कागदावर सहा, प्रत्यक्षात छत्तीस. आठवी-नववीची मुलं हे गणित स्वतः सोडवतात. मग त्यांना विचारा, 'हाच रस्ता मधून न नेता जंगलाच्या कडेने नेला असता तर?' उत्तर मुलांनाच काढू द्या. रस्त्याची आखणी बदलणं हा सर्वांत मोठा उपाय का आहे, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

३. कायदा काय सांगतो?

मोठ्या प्रकल्पांसाठी आपल्याकडे पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावं लागतं. याला ईआयए असंही म्हणतात. १९९४ मध्ये ते अधिसूचनेद्वारे बंधनकारक झालं आणि सध्याची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर आधारलेली आहे. तिच्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. टप्पे थोडक्यात असे :

- छाननी : या प्रकल्पाला मूल्यांकन लागतं का, हे ठरवणं.
- व्याप्ती ठरवणे : कशाकशाचा अभ्यास करायचा, याची यादी.
- जनसुनावणी : स्थानिक लोकांचं म्हणणं ऐकणं. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत होते.
- मूल्यमापन : तज्ज्ञ समिती अहवाल तपासते आणि शिफारस करते.

यात दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्या.

पहिली, सगळे रस्ते यात येत नाहीत. सध्याच्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण असेल तर १०० किलोमीटरहून जास्त लांबी आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जादा जमीन, अशी अट आहे. जिल्हा मार्ग आणि गावरस्ते तर या यादीतच नाहीत. वनजमीन किंवा अभयारण्य मध्ये आलं तर वन संवर्धन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांखालची परवानगी वेगळी लागते. पण ज्या माळावर, गवताळ रानावर वनखात्याचा शिक्का नाही, तिथल्या माळढोकाची किंवा लांडग्याची बाजू मांडणारं कागदावर कुणीच नसतं.

दुसरी, अनेक अहवाल पावसाळा वगळून एकाच हंगामाच्या नोंदींवर तयार होतात. हवेची धूळ मोजायला हे चालेल. पण सह्याद्रीत मार्च-एप्रिलमध्ये जाऊन बेडूक शोधले तर काय सापडणार? कोरडे दगड. मग अहवालात 'उभयचर : तुरळक' असं लिहिलं जातं आणि तेच पुढे पुरावा ठरतं.

४. मोजमापाचा गाभा : आधी काय होतं?

समजा रस्ता झाल्यावर तीन वर्षांनी आपण तिथले पक्षी मोजले. १४ जाती मिळाल्या. हे कमी की जास्त? सांगताच येत नाही. आधी २० होत्या हे माहीत असेल तर म्हणता येईल, ६ गेल्या. पण सहाच्या सहा रस्त्यामुळे गेल्या का?

इथे तुलनेची जागा लागते. तसंच जंगल, तसंच पाणी, पण रस्ता नसलेली जागा. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत :

- रस्त्याजवळची जागा : आधी २०, नंतर १४. घट ६.
- तुलनेची जागा : आधी २२, नंतर १८. घट ४.

तुलनेच्या जागीही ४ जाती कमी झाल्या, म्हणजे दुष्काळ किंवा दुसरं काही कारण दोन्हीकडे होतं. रस्त्याच्या वाट्याला ६ - ४ = २ जाती. तुलनेची जागा नसती तर आपण रस्त्यावर जास्त दोष ढकलला असता. उलटंही होतं. चांगला पाऊस झाला म्हणून दोन्हीकडे जाती वाढतात, आणि रस्त्याकडे कमी वाढल्या हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता मेलेल्या प्राण्यांची मोजणी. एका रस्त्यावर सकाळी १२ मृत प्राणी मिळाले. म्हणजे रात्रीत १२ मेले का? नाही. कावळे, कुत्री, मुंगसं पहाटेच त्यांतले काही उचलून नेतात. छोटा बेडूक तर दहा गाड्यांखाली पुसलाच जातो. समजा सकाळपर्यंत निम्मेच शिल्लक राहतात, आणि शिल्लक असलेल्यांपैकी १०० मागे ६० च आपल्या नजरेला पडतात. मग खरा आकडा :

१२ ÷ (०.५ × ०.६) = ४०

पण या पाठात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. मेलेले प्राणी कमी सापडले म्हणजे रस्ता निरुपद्रवी आहे, असं नाही. कमी सापडण्याची तीन कारणं असू शकतात : प्राणी खरोखर सुरक्षित पार होतात, प्राणी घाबरून रस्त्याकडे फिरकतच नाहीत, किंवा आजूबाजूला मरायलाही कुणी उरलेलं नाही. तिन्ही वेळी वहीत शून्यच लिहिलं जातं. कोणतं शून्य खरं, ते फक्त रस्ता होण्याआधीची नोंदच सांगू शकते. म्हणून जेसीबी येण्याआधी केलेली एक वर्षाची नोंद नंतरच्या दहा वर्षांच्या वादावादीपेक्षा मोलाची असते.

५. उदाहरण : पेंच आणि राष्ट्रीय महामार्ग ४४

नागपूरहून मनसर, देवलापार, खवासामार्गे शिवनी-जबलपूरकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४. तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. पेंच आणि कान्हा यांना जोडणारा संचारमार्गही याच भागात आहे. चौपदरीकरण ठरलं तेव्हा हा प्रश्न बराच काळ न्यायालयात आणि शासकीय समित्यांपुढे राहिला. शेवटी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शिफारशींच्या आधारे रस्त्याखालून प्राण्यांना जाता येईल अशी बांधकामं करण्यात आली. महाराष्ट्राच्या भागात अशा नऊ जागा आहेत, काही खास भुयारी मार्ग आणि काही छोटे पूल. त्यांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. मध्य प्रदेशाच्या भागात गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत अडवण्यासाठी कडेला भिंतीसारखे अडसरही लावले आहेत.

बांधून झाल्यावर मोजणीही झाली, हे या उदाहरणाचं वैशिष्ट्य. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात संस्थेने या नऊ जागांवर स्वयंचलित कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. चितळ सर्वांत जास्त वेळा दिसले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा या वाटांचा वापर करताना आढळले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्यामुळे ते ११ आहेत हे सांगता आलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

ही बातमी आनंदाची आहेच. नीट जागा निवडली, पुरेशी रुंदी ठेवली तर प्राणी वाट स्वीकारतात, हे आपल्याच राज्यात दिसलं. पण आपण मोजमाप शिकतोय, म्हणून वर्गात पुढचे प्रश्नही विचारा. या जंगलातल्या किती जाती कॅमेऱ्यात आल्याच नाहीत? ज्या वाघांनी वाट टाळली, ते कसे कळणार? बेडूक, साप, खेकडे कॅमेऱ्यात दिसतील का? पाच वर्षांनी या वाटांच्या तोंडाशी ढाबे झाले तर? वापर झाला म्हणजे वाट उपयोगी पडली. जंगलाचं एकूण काय झालं, ते वेगळं मोजावं लागतं.

६. लहानांचं कोण बघणार? आंबोलीचा घाट

वाघासाठी ७५० मीटरचा पूल बांधला जातो. बेडकासाठी कोण बांधणार? सिंधुदुर्गातली आंबोली उभयचरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला भेक, ज्याला आंबोली टोड म्हणतात, शास्त्राच्या यादीत २००९ मध्ये नव्याने नोंदला गेला आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. जगात त्याचा अधिवास सह्याद्रीच्या याच छोट्याशा भागात आहे. पावसाळ्यात रात्री बेडूक, भेक, देवगांडूळ रस्त्यावर येतात आणि नेमकी त्याच दिवसांत धबधबे बघायला पर्यटकांची गर्दी असते.

अशा ठिकाणी उपाय स्वस्त असतात : ठरावीक अंतरावर ओलसर तळाच्या छोट्या मोऱ्या, बेडूक बाहेर चढू शकेल अशी उतरती गटारं, पावसाळी रात्री वेगमर्यादा. उभ्या काँक्रीटच्या भिंतींची नाली ही बेडकासाठी विहीरच असते. पण हे सुचायला त्या रस्त्यावर पावसात, रात्री, कुणीतरी आधी पाहणी केलेली असावी लागते. पुन्हा मुद्दा तोच.

७. उपायांचा क्रम

उपाय सांगताना क्रम महत्त्वाचा. मुलं (आणि मोठेही!) थेट 'झाडं लावा' वर उडी मारतात.

१. टाळा : संवेदनशील जागा सोडून दुसरी आखणी करा.
२. कमी करा : भुयारी मार्ग, उन्नत रस्ता, वेगमर्यादा, रात्रीची बंदी. बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीवर बंधन आहे. तामिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून दोरपूल बांधले आहेत.
३. पूर्ववत करा : काम झाल्यावर भरावाच्या उतारावर स्थानिक गवत, स्थानिक झाडं.
४. भरपाई करा : हे सगळं करूनही जे उरलं, त्यासाठीच दुसरीकडे लागवड.

वडाच्या शंभर वर्षांच्या झाडाबदल्यात दहा रोपं, हा हिशोब चौथ्या पायरीचा आहे. पहिल्या तीन पायऱ्या चढल्याशिवाय तिथे पोहोचायचं नाही.

८. वर्गासाठी कृती

ही कृती महामार्गावर करू नये. शाळेजवळचा कमी रहदारीचा रस्ता निवडावा, दिवसा जावं, सोबत दोन मोठी माणसं असावीत आणि मेलेल्या प्राण्याला, विशेषतः सापाला, हात लावू नये.

कृती १ : रस्त्याच्या कडेपासून ०, १०, २५ आणि ५० मीटरवर एक मीटर लांबी-रुंदीची सुतळीची चौकट टाका. प्रत्येकीत वनस्पतींच्या किती जाती आहेत आणि त्यांत गाजरगवतासारख्या बाहेरून आलेल्या किती, ते लिहा. नावं माहीत नसली तरी चालेल, 'पान १, पान २' अशी चित्रं काढा. नंतर आलेख काढा.

कृती २ : महिनाभर, दर शनिवारी, ठरलेल्या वेळी, त्याच एक किलोमीटरवर मृत प्राण्यांची नोंद करा. तारीख, वेळ, जागा, प्राणी, आदल्या रात्री पाऊस होता का, हे रकाने ठेवा. काही सापडलं नाही त्या दिवशी '०' लिहायला विसरू नका. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

कृती ३ : आजी-आजोबांना विचारा. हा रस्ता डांबरी होण्याआधी इथे कोणते प्राणी, पक्षी, मासे दिसायचे? ते कोणत्या महिन्यात? ही माहिती दुसऱ्या कुठल्याच अहवालात नसते.

९. पालकांसाठी आणि गावासाठी

जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बऱ्याच गावांत ही वही कपाटात आहे, काही ठिकाणी शेजारच्या गावाची नक्कल वाटावी अशी आहे. पण उद्या गावातून रस्ता जाणार असेल आणि जनसुनावणी लागली, तर 'आमच्याकडे खूप प्राणी आहेत' असं म्हणून भागत नाही. तारीख, जागा, फोटो, महिना असलेली नोंद लागते. मुलांनी कृती १ ते ३ मध्ये जमवलेली माहिती शिक्षकांनी तपासून या समितीकडे द्यावी. सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी निघते. तीस दिवसांत वर्षभराच्या नोंदी तयार होत नाहीत, त्या आधीच असाव्या लागतात.

स्वाध्याय

१. वरील गणितात कडेचा परिणाम १०० ऐवजी २०० मीटर धरला तर आतलं जंगल किती कमी होईल?
२. एका रस्त्यावर वर्षभरात एकही मृत प्राणी सापडला नाही. याची तीन शक्य कारणे लिहा. खरे कारण शोधण्यासाठी कोणती माहिती लागेल?
३. पेंचच्या भुयारी मार्गांचा अभ्यास तुम्हाला पुढे न्यायचा आहे. कोणत्या दोन गोष्टी मोजाल? का?
४. तुमच्या गावातील एखाद्या मोरीचे चित्र काढा. ती मासे आणि बेडकांसाठी सोयीची आहे का, ते कारणासह लिहा.
५. चर्चा करा : 'आमच्या गावाला रस्ता हवा आहे' आणि 'ओढ्यावरची जुनी राई वाचायला हवी' या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर आखणी कशी कराल? नकाशा काढून दाखवा.

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांचे नकाशे जरूर जपून ठेवा. ती राई आज कुठे आणि केवढी आहे, हे त्यांत काढलेलं असेल.